वाचकांचे प्रश्न : छोट्या धड्यांतून शूटिंग आणि एडिटिंग

पाच-सात मिनिटांची ऑनलाइन ट्युटोरियल पाहून व्हिडिओचे शूटिंग आणि एडिटिंग शिकणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी इतकी आली की सदराची सगळी जागा त्यांनाच द्यावी लागली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि लांब पत्रांतील मूळ प्रश्न तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मी जवळजवळ वर्षभर रोज रात्री एडिटिंगचे छोटे धडे पाहते. पाहताना सगळे समजते, काही क्लृप्त्या तर तोंडपाठ झाल्या आहेत. पण स्वतःचे फुटेज टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर, घेतले की कुठून सुरुवात करावी तेच सुचत नाही. छोटे धडे सोडून एखादा मोठा, पद्धतशीर कोर्स करावा का?

उत्तर : कोर्स अवश्य करा, पण तुमची अडचण धड्याच्या लांबीत आहे असे मला वाटत नाही. एडएक्स या शिक्षणमंचावरील लाखो वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. व्हिडिओ कितीही लांब असला तरी मधल्या फळीतला विद्यार्थी त्यात सहा मिनिटांहून अधिक रमत नाही, असे त्यात दिसून आले. म्हणजे दीड तासाच्या व्याख्यानातूनही आपण बहुधा सहा मिनिटांचेच शिकतो, मग सहा मिनिटांचा धडा काय वाईट?

अडचण पाहण्याच्या सवयीत आहे. मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन या शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये याच विषयावर प्रयोग प्रसिद्ध केले. भांडी न हलवता टेबलावरचे कापड झटक्यात ओढणे, डार्ट फेकणे, मूनवॉक करणे अशी कौशल्ये त्यांनी लोकांना व्हिडिओवर दाखवली. काहींना ती एकदाच दाखवली, काहींना अनेक वेळा. अनेक वेळा पाहणाऱ्यांचा ‘हे मला जमेल’ हा विश्वास पुष्कळ वाढला, प्रत्यक्ष करून दाखवण्याची वेळ आली तेव्हा मात्र त्यांची कामगिरी एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरली नाही. एडिटिंगच्या धड्यात तर हा भास आणखी पक्का होतो, कारण शिकवणाऱ्याच्या पडद्यावर आपल्याला जे दिसते ते निर्णय झाल्यानंतरचे काम असते. कोणत्या आठ क्लिप टाकून द्यायच्या, उरलेल्या दोनपैकी आधी कोणती घ्यायची आणि ती कितव्या फ्रेमवर, म्हणजे व्हिडिओतल्या कितव्या स्थिर चित्रावर, कापायची हे त्याने रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वीच ठरवलेले असते. तुमचा हात अडतो तो नेमका याच जागी.

म्हणून माझी सूचना अशी की आठवडाभर एकच धडा घ्या आणि तो स्वतः शूट केलेल्या फुटेजवरच करा. धड्यासोबत मिळणाऱ्या सरावाच्या फाइलींवर कोणतेही तंत्र जमतेच, कारण त्या जमाव्यात म्हणूनच निवडलेल्या असतात. उदाहरणादाखल, हालचालीवर कट घेण्याचा धडा तुम्ही पाहिला आहे असे समजू. घरातल्या कोणालाही चालत येऊन खुर्चीवर बसायला सांगा. पहिल्यांदा पूर्ण माणूस आणि खुर्ची दिसेल असा दुरून शॉट घ्या. मग कॅमेरा जवळ न्या, बाजूला किमान ३० अंश सरका, आणि त्याच माणसाला त्याच वेगाने पुन्हा चालत येऊन बसायला लावा. दोन्ही क्लिप टाइमलाइनवर ठेवल्या की ट्युटोरियल बंद करा आणि तीन वेगवेगळे कट करा : पहिला कट माणूस बसण्यापूर्वी, दुसरा गुडघे वाकू लागल्यावर आणि तिसरा तो पूर्ण बसून स्थिर झाल्यावर. आवाज बंद ठेवून तिन्ही पाहा. पहिल्या आणि तिसऱ्यात चित्र बदलल्याचे लगेच जाणवेल. दुसऱ्यात तुमचे लक्ष बसण्याच्या क्रियेमागे जाईल आणि कट त्याखाली झाकला जाईल.

आता खरे काम सुरू होते. दुसऱ्या कटात माणूस किंचित दोनदा बसल्यासारखा वाटत असेल तर जवळच्या शॉटच्या सुरुवातीच्या दोन-तीन फ्रेम काढा. तो मध्येच उडी मारल्यासारखा खाली गेला तर तितक्याच परत आणा. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, आणि एवढ्याशा वेळाने हालचाल अडखळते किंवा सुरळीत होते हे एकदा डोळ्यांनी पकडले की कुठे कापावे हे विचारायला तुम्हाला ट्युटोरियल लागणार नाही. अडल्यावर धडा पुन्हा उघडायला हरकत नाही, फक्त आधी अडलेले पाहिजे.

प्रश्न : एका धड्यात सांगितले होते की शटर स्पीड नेहमी फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवावा. त्याप्रमाणे मी सेकंदाला ३० फ्रेम घेताना शटर १/६० ठेवतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर सेकंदाचा साठावा भाग प्रकाश पडतो. दिवसा खिडकीजवळ चित्र छान येते, पण संध्याकाळी दिव्यांखाली शूट केले की चित्रावर काळसर आडवे पट्टे सरकताना दिसतात. फोन बिघडला आहे का?

उत्तर : फोन ठणठणीत आहे. धड्यात सांगितलेला आकडाही बरोबर आहे, पण तो ज्या परिस्थितीत बरोबर आहे ती परिस्थिती धड्यात सांगायची राहून गेली आहे. छोट्या धड्यांत हे फार होते, म्हणून या प्रश्नाला थोडी जास्त जागा देतो.

दुपटीचा नियम फिल्मच्या कॅमेऱ्यातून आला. त्या कॅमेऱ्यात फिल्मपुढे एक चकती फिरत असे आणि तिचा साधारण अर्धा भाग, म्हणजे १८० अंश, उघडा असे. त्यामुळे सेकंदाला २४ फ्रेम घेताना प्रत्येक फ्रेमवर सेकंदाचा १/४८ एवढाच वेळ प्रकाश पडत असे. चालत्या माणसाच्या हातापायांना या वेळात जो हलकासा पुसटपणा येतो तो प्रेक्षकांच्या डोळ्यांना सवयीचा झाला, आणि आजचे कॅमेरे चकतीविना चालत असले तरी नियम तोच राहिला. हा नियम हालचाल कशी दिसावी याबद्दल सांगतो. दिव्याच्या प्रकाशाबद्दल तो काहीच सांगत नाही.

दिव्याचा हिशेब वेगळा आहे. विजेचा प्रवाह जगाच्या बऱ्याच भागांत ५० हर्ट्झचा आणि काही देशांत ६० हर्ट्झचा असतो. त्यावर चालणारे अनेक दिवे याच्या दुप्पट वेळा, म्हणजे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा, उजळतात आणि मंदावतात. आपल्या डोळ्यांना हे कळत नाही. फोनचा सेन्सर मात्र संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपत नाही. तो वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. एखाद्या ओळीच्या वाट्याला दिव्याचा उजळ भाग जास्त आला आणि पुढच्या काही ओळींच्या वाट्याला मंद भाग आला, तर त्या फरकाचे पट्टे तयार होतात. प्रत्येक ओळीला दिव्याची पूर्ण आवर्तने मिळाली तर असा फरक उरत नाही. त्यामुळे ५० हर्ट्झच्या विजेखाली शटर १/१०० किंवा १/५० ठेवावे आणि ६० हर्ट्झच्या विजेखाली १/१२० किंवा १/६०. तुमच्या १/६० ला पट्टे येत आहेत त्या अर्थी तुमच्याकडची वीज ५० हर्ट्झची असणार. फ्रेम रेट ३० च असू द्या आणि शटर १/५० करा. हालचालीच्या पुसटपणात पडणारा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. नवे प्रकल्प २५ फ्रेमला केलेत तर दोन्ही नियम एकाच आकड्यावर जुळतात, म्हणजे प्रश्नच मिटतो.

तरीही पट्टे राहिले तर मंद केलेल्या एलईडी दिव्याकडे संशयाने पाहा. काही डिमर दिव्याला अतिशय भराभर चालू-बंद करून मंद करतात आणि त्या वेगाचा विजेच्या हर्ट्झशी संबंध नसतो. तो दिवा पूर्ण तेजावर ठेवावा किंवा सरळ बंद करावा. उलट भर उन्हात १/५० ठेवले तर चित्र पांढरेफटक होईल, कारण बहुतेक फोनांत भिंगाचे छिद्र लहान-मोठे करता येत नाही. तेथे एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी काळसर काच, लावावा लागतो, आणि तो नसेल तर शटरचा वेग खुशाल वाढवावा. दुपटीचा नियम मोडल्यामुळे वाया गेलेला व्हिडिओ मी अजून पाहिलेला नाही. प्रकाश जास्त झाल्यामुळे वाया गेलेले पुष्कळ पाहिले आहेत.

प्रश्न : मी फोनवर व्हिडिओ आणि वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेते. एडिटिंग करताना सुरुवातीला वाजवलेली टाळी चित्रात आणि आवाजात जुळवून घेतली की ओठ आणि आवाज अगदी बरोबर जमतात. पण वीस मिनिटांच्या मुलाखतीत शेवटी शेवटी आवाज मागे पडतो. धड्यांत टाळी जुळवण्यापर्यंतच दाखवतात. पुढे काय करायचे?

उत्तर : धड्यातली क्लिप अर्ध्या मिनिटाची असते, त्यामुळे पुढचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. तुमच्या बाबतीत दोन कारणे संभवतात आणि आधी कोणते ते ओळखणे आवश्यक आहे. पुढच्या मुलाखतीत सुरुवातीला एक आणि कॅमेरा बंद करण्यापूर्वी एक अशा दोन टाळ्या घ्या. पहिली टाळी जुळवा आणि दुसऱ्या टाळीला चित्र व आवाज यांत किती फ्रेमचे अंतर पडले ते मोजा. मग मुलाखतीच्या मध्यावर, एखाद्या ‘प’ किंवा ‘ब’ च्या उच्चाराला ओठ मिटतात तेथे, पुन्हा पाहा.

मध्यावर अंतर शेवटच्या निम्मे असेल, म्हणजे फरक एकसारखा वाढत असेल, तर दोन यंत्रांच्या घड्याळांत किंचित तफावत आहे. प्रत्येक रेकॉर्डरमध्ये सेकंदाचे ४८,००० नमुने मोजणारे स्वतःचे घड्याळ असते आणि दोन घड्याळे तंतोतंत सारखी कधीच चालत नाहीत. दहा लाखांत पन्नासचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण वीस मिनिटांत तो ६० मिलिसेकंद होतो, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत दीड फ्रेम. यावर सोपा उपाय असा की बोलणारी व्यक्ती जेथे थांबते, श्वास घेते किंवा प्रश्न विचारला जातो, तेथे आवाजाची पट्टी कापावी आणि पुढचा तुकडा एखादी फ्रेम पुढे-मागे सरकवावा. शांततेत केलेला असा कट ऐकू येत नाही. शिवाय मुलाखत तुम्ही तशीही कापणारच आहात. वीस मिनिटे अखंड कोण दाखवतो?

फरक एकसारखा वाढत नसेल, मध्येच वाढून पुन्हा कमी होत असेल किंवा अर्ध्या सेकंदाच्या पुढे जात असेल, तर दोष बहुधा फोनच्या बदलत्या फ्रेम रेटचा आहे. प्रकाश कमी झाला किंवा फोन तापला की अनेक फोन दोन फ्रेममधले अंतर गुपचूप बदलतात. फोनवर पाहताना ते कळत नाही, कारण कोणती फ्रेम कधी दाखवायची याची नोंद फाइलमध्ये असते. एडिटिंगचे सॉफ्टवेअर मात्र सगळ्या फ्रेम समान अंतरावर आहेत असे मानून चालले तर चित्र आणि आवाज एकमेकांपासून सुटत जातात. यासाठी फाइल एडिटिंगला घेण्यापूर्वी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटला बदलून घ्यावी, आणि फोनवर असे अ‍ॅप वापरावे की ज्यात फ्रेम रेट पक्का करता येतो. प्रकल्पाची आणि रेकॉर्डरची ध्वनीची मांडणी ४८ किलोहर्ट्झ अशी एकच ठेवावी, ४४.१ हा आकडा संगीताच्या सीडीचा आहे.

मंचापासून दूर बसून शूट करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात जेमतेम १४ मीटर. तीस मीटर लांबून कॅमेऱ्याच्या माईकवर घेतलेला आवाज चित्राच्या दोन फ्रेम मागेच असतो आणि त्यात कोणत्याही यंत्राचा दोष नसतो. याच कारणाने टाळी वाजवणाऱ्याने कॅमेऱ्याजवळ नव्हे, बोलणाऱ्याच्या माईकजवळ उभे राहावे.

प्रश्न : एडिटिंग कोणत्या सॉफ्टवेअरवर शिकावे? माझा संगणक जुना आहे आणि फोनचे फुटेज टाइमलाइनवर अडकत अडकत चालते.

उत्तर : दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, केडेनलाइव्ह किंवा शॉटकट यांपैकी तुमच्या संगणकावर जे बऱ्यापैकी चालते ते घ्या आणि निदान सहा महिने बदलू नका. रिझॉल्व्हला चांगले ग्राफिक्स कार्ड लागते. जुन्या संगणकाला उरलेली दोन जास्त मानवतात. धडा निवडताना तो कोणत्या आवृत्तीवर केला आहे ते पाहावे, कारण बटणांच्या जागा दर एक-दोन आवृत्त्यांनी बदलतात आणि शिकणारा उगाच स्वतःला दोष देत बसतो.

नवा संगणक घेण्यापूर्वी प्रॉक्सी करून पाहा. फोनची फाइल एच.२६४ किंवा एचईव्हीसी या पद्धतीने दाबलेली असते. त्यात मोजक्याच फ्रेम पूर्ण साठवलेल्या असतात आणि बाकीच्यांत आधीच्या-पुढच्या फ्रेमशी असलेला फरक तेवढा नोंदवलेला असतो. त्यामुळे टाइमलाइनवर तुम्ही एका फ्रेमवर बोट ठेवले की ती दाखवण्यासाठी संगणकाला आजूबाजूच्या अनेक फ्रेम सोडवाव्या लागतात. प्रॉक्सी म्हणजे त्याच क्लिपची लहान, सोडवायला सोपी प्रत. कापाकापी प्रतीवर होते आणि एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून होतो. वर सांगितलेल्या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे.

प्रश्न : मी एका मिनिटाच्या धड्यांतून बरीच ट्रान्झिशन, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाताना घालायचे इफेक्ट, शिकलो आहे. झूम, गिरकी, काच फुटल्यासारखे तुकडे, सगळे जमते. पण पाहणारे म्हणतात की डोके गरगरते. मग ही ट्रान्झिशन शिकवतात तरी कशाला?

उत्तर : ती एका मिनिटात दाखवता येतात म्हणून शिकवतात. आधीचे चित्र आणि नंतरचे चित्र यांतला फरक लहान पडद्यावर, आवाज बंद असतानाही, पहिल्या तीन सेकंदांत दिसला तर पाहणारा थांबतो, आणि गिरकीइतके चटकन काहीच दिसत नाही. साधा कट योग्य जागी पडला तर तो दिसतच नाही. त्याचा धडा कोण पाहणार?

साध्या कटाची ताकद किती आहे याचा दाखला शंभर वर्षांपूर्वीचा आहे. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा शॉट वेगवेगळ्या शॉटांना जोडून दाखवला. नंतरच्या वर्णनांनुसार त्यांत सूपची वाटी आणि शवपेटी होती. चेहरा तोच असूनही प्रेक्षकांना त्यावर कधी भूक तर कधी शोक दिसला, असे सांगितले जाते. त्या प्रयोगाची मूळ फिल्म उरलेली नाही आणि तपशिलांबद्दल मतभेद आहेत, परंतु तुम्ही तो घरच्या घरी करून पाहू शकता. खिडकीबाहेर पाहणाऱ्या माणसाचा एक शॉट घ्या. त्यापुढे एकदा पावसाचा, एकदा रिकाम्या रस्त्याचा आणि एकदा खेळणाऱ्या मुलांचा शॉट जोडा. दोन शॉटांमध्ये गिरकी घातलीत तर हा अर्थ लागण्यापूर्वीच प्रेक्षकाचे लक्ष गिरकीकडे जाईल.

मग ट्रान्झिशनऐवजी काय शिकावे? माझ्या मते सर्वात आधी आवाजाचा कट. चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर कापण्याची सवय नवशिक्याला असतेच, कारण सॉफ्टवेअर तसेच कापते. दोन्ही पट्ट्यांची जोड सोडवा आणि पुढच्या दृश्याचा आवाज चित्राच्या अर्धा-पाऊण सेकंद आधी सुरू होऊ द्या. टाइमलाइनवर या जोडाचा आकार इंग्रजी जे अक्षरासारखा दिसतो, म्हणून त्याला जे-कट म्हणतात. बोलणाऱ्याचा आवाज चालू ठेवून चित्र ऐकणाऱ्याकडे नेले तर तो एल-कट. संवादाच्या दृश्यात दर वाक्याला बोलणाऱ्याचाच चेहरा दाखवत राहिले तर ते टेनिसचा सामना पाहिल्यासारखे होते. वाक्याचा उत्तरार्ध ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर टाकला की ते संभाषण वाटू लागते.

दुसरी गोष्ट शूटिंगच्या वेळीच सांभाळावी लागते. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांना जोडणारी एक रेषा कल्पावी आणि सगळे शॉट त्या रेषेच्या एकाच बाजूने घ्यावेत. रेषा ओलांडली की दोघेही एकाच दिशेला पाहताना दिसतात आणि ते एकमेकांशी बोलत आहेत हेच पटत नाही. एडिटिंगमध्ये हा दोष झाकता येतो, पण त्यासाठी मध्ये घालायला हातांचा किंवा टेबलावरच्या वस्तूचा एखादा शॉट हवा. तो घेऊन ठेवला नसेल तर मात्र गिरकीचाच आधार घ्यावा लागतो. तुमच्या व्हिडिओत ट्रान्झिशन जेथे जेथे पडले आहे त्या जागा पुन्हा तपासा. बऱ्याच ठिकाणी तेथे एक शॉट कमी आहे असे आढळेल, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : सिनेमासारखा रंग यावा म्हणून एका धड्यासोबत मिळालेले मोफत एलयूटी, म्हणजे चित्राचे रंग बदलणारी तयार फाइल, लावले, तर चेहरे भाजल्यासारखे नारिंगी आणि सावल्या काळ्याकुट्ट झाल्या. धड्यात तर सुंदर दिसत होते.

उत्तर : धड्यातले फुटेज बहुधा लॉग पद्धतीने शूट केलेले होते. लॉगमध्ये चित्र मुद्दाम फिके आणि करडे ठेवतात, म्हणजे उजेड आणि सावली या दोन्हींतला तपशील टिकतो. एलयूटी त्या फिक्या चित्रात रंग आणि उठाव भरते. तुमच्या फोनने रंग आणि उठाव आधीच भरलेला असताना तेच पुन्हा भरले गेले. त्यातून नेहमीच्या आठ बिटांच्या फाइलीत प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, दहा बिटांत १,०२४ असतात. आठ बिटांचे चित्र फार ताणले की आकाशात पट्टे पडतात. एलयूटी काढून टाका. व्हाइट बॅलन्स, म्हणजे त्या प्रकाशात पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची मांडणी, ऑटोवर न ठेवता शूटिंग सुरू करण्यापूर्वी पक्का करा, कारण एकाच शॉटमध्ये बदलत जाणारा रंग नंतर दुरुस्त करणे फार कटकटीचे असते. एडिटिंगमध्ये उजेड, उठाव आणि रंगाची तीव्रता या तीनच गोष्टी हलक्या हाताने बदला आणि चेहऱ्याचा रंग खरा वाटतो का ते पाहून थांबा.

प्रश्न : दहा सेकंदांपर्यंत कोणाचेही संगीत वापरले तरी चालते, असे एका धड्यात ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. इतकी सेकंद वापरली तर चालते असा सरसकट नियम नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर इतरांना वापरू दिलेले, संगीत वापरताना परवान्याची अक्षरेही वाचावीत. बीवाय असेल तर श्रेय देणे बंधनकारक आहे, एनसी असेल तर व्यावसायिक कामात वापरता येत नाही. एनडी असेल तर ते व्हिडिओला लावून प्रसिद्धच करता येत नाही, कारण चित्राच्या हालचालीशी संगीत जुळवणे हे या परवान्यांत रूपांतर मानले जाते. गाणे मुळीच न बदलता वापरले, हे उत्तर तेथे चालत नाही. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतील संगीत नवशिक्याला पुरेसे आहे. तेथेही प्रत्येक तुकड्यापुढे श्रेय द्यावे लागते की नाही ते लिहिलेले असते.

प्रश्न : धड्यांत सगळे फोर-के मध्येच शूट करायला सांगतात. माझा फोन अर्ध्या तासात भरतो. काय करावे?

उत्तर : फोर-के चित्रात १०८० च्या, म्हणजे फुल एचडी चित्राच्या, चौपट बिंदू असतात आणि फाइलही त्या मानाने फुगते. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने एक मिनिट ३७५ मेगाबाइट होते, अर्धा तास ११ गिगाबाइटच्या पुढे जातो. तुमचा व्हिडिओ मुख्यतः फोनवर पाहिला जाणार असेल तर १०८० पुरे. फोर-के तेथे वापरा जेथे एडिटिंगमध्ये चित्र कापून जवळ न्यायचे आहे, उदाहरणार्थ एकाच कॅमेऱ्यावर घेतलेल्या मुलाखतीत. १०८० च्या प्रकल्पात असे चित्र दुपटीपर्यंत मोठे करूनही स्पष्टता जात नाही. जागेसाठी फोनमधले फुटेज पुसण्यापूर्वी त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर गेल्या आहेत ना ते पाहा, आणि त्यांतल्या तीन-चार क्लिप शेवटपर्यंत चालवून बघा. फाइलचे नाव यादीत दिसते म्हणून फाइल धड आहे असे समजू नका.